लिलावाचे घर आणि फुकटची हुशारी

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला अजून लूट आठवते. जानेवारी 1664 आणि ऑक्टोबर 1670. त्या स्वाऱ्यांमागे स्वराज्याच्या खर्चाची निकड होती आणि समोर मोगलांचे सगळ्यात श्रीमंत बंदर होते. साडेतीनशे वर्षांनी सुरतेत पुन्हा लूट चालू असल्याची खबर आहे. खबर देणारे या वेळी मोबाइलच्या पडद्यावर कोट घालून बसलेले असतात. “लिंबायतमध्ये रो-हाऊस चाळीस टक्के स्वस्त!” “बाजारभावाने घर घेतो तो अडाणी!” उधना, डिंडोली, पांडेसरा, नवागाम इथल्या आपल्या खानदेशी मंडळींच्या गटांतून हे व्हिडिओ रोज फिरतात, आणि हल्ली प्रत्येक घरात एक तरी मेहुणा असा निघतोच, ज्याला बँकेच्या लिलावातले सगळे कळते.

मेहुण्याचे म्हणणे आधी नीट मांडतो, नाहीतर त्याच्यावर अन्याय व्हायचा. तो म्हणतो: कर्ज बुडाले की बँकेला घर नको असते, पैसे हवे असतात, म्हणून ती पडत्या भावात विकते. कर्ज देताना तिने कागद तपासलेले असतात, म्हणजे टायटल क्लिअर. सगळा व्यवहार ऑनलाइन. सरकारचे बँकनेट पोर्टल जानेवारी 2025 पासून चालू आहे, त्यात दलाल नाही, काळा पैसा नाही, लपवाछपवी नाही. पाठीशी गहाण मालमत्ता बँकेला परस्पर विकू देणारा 2002 चा सरफेसी कायदा आहे, त्यामुळे कोर्टकचेरीची भानगड नाही. आणि जो घरातून बाहेर पडणार तो हप्ते बुडवणारा, त्याचे आपल्याला काय? शेवटी ठेवणीतले वाक्य येते: “धंद्यात भावनेला जागा नसते.”

यातला एकच मुद्दा मी मान्य करतो, आणि तोही लगेच, म्हणजे पुन्हा त्याकडे यायला नको. लिलावात पूर्ण रक्कम चेकने जाते. सुरतेत दस्तावेजावरचा आकडा आणि हातात मोजलेला आकडा यांची गाठ क्वचितच पडते. ज्याच्याकडे फक्त पगाराचा पांढरा पैसा आहे त्याला लिलावात निदान बरोबरीने उभे राहता येते. बाकीचे सगळे म्हणणे मला मुळातून चुकीचे वाटते. लिलावातले घर स्वस्त नसते. त्याच्या किमतीतून जे कापलेले असते ती बँकेने अर्धवट सोडलेल्या कामाची मजुरी असते. कागद स्वच्छ करण्याचे, थकबाक्या फेडण्याचे, आत राहणाऱ्या माणसांना बाहेर काढण्याचे काम बँक तुमच्या गळ्यात घालते आणि त्यापोटी काही लाख सोडते. हे काम अंगावर घ्यायला कोणी राजी असेल तर खुशाल घ्यावे. पण मजुरीला नफा म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे, आणि व्हिडिओवाले दुसरे काहीच करत नाहीत.

“बँकेने कागद तपासलेत.” तपासले असतील, पण कोणासाठी? बँकेच्या वकिलाने काढलेला सर्च रिपोर्ट बँकेसाठी असतो, आणि तो कर्ज देतानाचा असतो, म्हणजे कधी कधी दहा वर्षांपूर्वीचा. त्या तपासणीवर बँकेचा स्वतःचा एवढा भरवसा असता तर तिने लिलावाच्या जाहिरातीत ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे, जे काही आहे ते’ असे कशाला छापले असते? नियमाप्रमाणे बँकेने तिला माहीत असलेले बोजे जाहिरातीत सांगायचे असतात. त्या रकान्यात बहुधा काय लिहिलेले असते? “बँकेला माहीत नाही.” जिने टायटल क्लिअर केले म्हणून आपण निर्धास्त आहोत, ती बँक स्वतःच सांगते की मला माहीत नाही! आणि मेहुणा हे वाचत नाही, कारण ते बारीक अक्षरात असते.

आता हा रकाना लिंबायत-डिंडोलीत ठेवून बघा. इथल्या कित्येक सोसायट्या शेतजमिनीवर प्लॉट पाडून उभ्या राहिल्या. कुठे नोटरीच्या कागदावर विक्री, कुठे कबजा पावती, कुठे मुखत्यारपत्र. वेराबिल आपल्या नावाचे आले की माणूस स्वतःला मालक समजू लागतो. महापालिकेने कर घेतला म्हणजे मालकी मान्य केली असे होत नाही, हे त्याला कोणी सांगत नाही. बीयूसी, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, नसलेल्या बांधकामांची संख्या एवढी, की इम्पॅक्ट फी भरून ती नियमित करण्याचा कायदा गुजरातला 2011 मध्ये करावा लागला आणि 2022 मध्ये पुन्हा करावा लागला. शिवाय सरफेसी कायदा शेतजमिनीला लागूच नाही. जी जमीन दप्तरी अजून शेती दिसते, तिच्यावरच्या घराचा लिलाव झाला की कर्जदाराच्या वकिलाला पहिला मुद्दा आयताच सापडतो. तो टिको अथवा न टिको, तारखा तुमच्या पडतात.

आणि घर आतून बघितले का? बहुतेक लिलावांत बघायला मिळत नाही, कारण आत माणसे राहत असतात. रस्त्यावरून गॅलरी दिसते, तेवढ्यावर बोली. 6 जुलै 2024 रोजी सचिनजवळच्या पाली गावात एक बहुमजली इमारत कोसळून 7 जण मेले. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. बाहेरून रंग बघून घर घेणाऱ्याने हे एकदा आठवावे.

थकबाकीचे तर विचारूच नका. सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा वेरा, विजेचे बिल. मे 2023 मध्ये केरळ वीज मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, मग तो लिलावातला खरेदीदार का असेना. ‘जसे आहे तसे’ घेतलेत ना? मग बिलही जसे आहे तसे.

आता ताब्याकडे येऊ. सगळ्या भानगडीचे मूळ इथे आहे, आणि व्हिडिओत यावर दहा सेकंदसुद्धा खर्च होत नाहीत.

खाते 90 दिवस थकले की अनुत्पादक ठरते. मग सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) ची साठ दिवसांची नोटीस. मग ताबा. हा ताबा दोन तऱ्हेचा असतो. सांकेतिक ताब्यात बँकेचा अधिकारी येतो, दारावर कागद चिकटवतो, फोटो काढतो, दोन वर्तमानपत्रांत छापून आणतो आणि परत जातो. आतल्या चुलीवरचे दूधसुद्धा उतू जात नाही. प्रत्यक्ष ताब्यात माणसे बाहेर आणि कुलूप बँकेचे. बँका बऱ्याचदा सांकेतिक ताब्यावरच लिलाव उरकतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम 14 खाली कलेक्टरकडे अर्ज करावा लागतो, तिथून हुकूम मामलतदाराकडे जातो, मामलतदाराला पोलीस बंदोबस्त लागतो, पोलिसांना गणपती, नवरात्र, निवडणूक आणि मंत्र्यांचे दौरे असतात. कायद्यात या हुकमासाठी 30 दिवस, फार तर 60 दिवस, असे लिहिले आहे. पण ही मुदत बंधनकारक नाही, निव्वळ मार्गदर्शक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगून टाकले. या सगळ्या काळात तुमचे पैसे मात्र बँकेत जमा असतात. ते भरायला तुम्हाला कोणी मार्गदर्शक मुदत देत नाही: बोली लागली की 25 टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, उरलेले 75 टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. बँकेने लेखी मान्य केले तर तीन महिन्यांपर्यंत. चुकलात तर पहिले 25 टक्के जप्त. एवढी मोठी रक्कम जप्त करणे जाचक नाही का, असा प्रश्न सेंट्रल बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. फेब्रुवारी 2024 मध्ये उत्तर आले की पूर्ण जप्ती कायदेशीर आहे. म्हणजे विलंब बँकेकडून झाला तर ती व्यवस्था, तुमच्याकडून झाला तर दंड.

“पण कायदा खरेदीदाराच्या बाजूने आहे!” आहे ना. नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका भूखंडाचे प्रकरण बघा. बाफना मोटर्सचे कर्ज थकले, बँकेने लिलाव केला, सेलिर नावाच्या कंपनीने 2023 मध्ये सुमारे 105 कोटींची बोली लावली आणि सगळे पैसे भरले. त्यानंतर कर्जदार उच्च न्यायालयात गेला, जास्त पैसे देतो म्हणाला, आणि न्यायालयाने त्याला मालमत्ता सोडवून घेऊ दिली. खरेदीदार सर्वोच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर 2023 मध्ये जिंकला: लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा सोडवून घेण्याचा हक्क संपतो, असा मोठा निवाडा झाला. व्हिडिओवाले इथे थांबतात आणि टाळ्या घेतात. पुढचे ते सांगत नाहीत. जिंकल्यानंतरही भूखंड हाती येईना म्हणून त्याच खरेदीदाराला अवमानाची तक्रार घेऊन पुन्हा सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने पुन्हा कान उपटले. शंभर कोटींच्या गिऱ्हाइकाची ही गत! उधन्याच्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर असलेल्या माणसाने काय करायचे? कर्जदाराने कलम 17 खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागितली तर सुनावणी अहमदाबादची, त्यावरचे अपील मुंबईचे. सुट्टी मांडायची ती कुठल्या खात्यात?

हिशेबच करू. आकडे मी सोपे घेतो, ज्याला वाटेल त्याने आपले घालून पाहावेत. समजा डिंडोलीतला फ्लॅट बाजारात 30 लाखांना आहे आणि लिलावात तुम्हाला 22 लाखांना मिळाला. आठ लाखांची लूट! पेढे वाटा. मग विक्री प्रमाणपत्र नोंदवायला 4.9 टक्के मुद्रांक आणि 1 टक्का नोंदणी फी, मिळून 1 लाख 29 हजार 800. (खरेदीदार स्त्री असेल तर गुजरातेत नोंदणी फी माफ आहे. पण ती सवलत लिलावाबाहेरही आहे, तेव्हा तिचे श्रेय मेहुण्याला नाही.) सोसायटीची थकबाकी एक लाख. वेऱ्याची 40 हजार. वकील आणि खेपा 50 हजार. ताबा मिळायला चौदा महिने लागले असे धरा, तेवढ्या काळाचे तुमचे स्वतःचे घरभाडे, महिना नऊ हजारांनी, 1 लाख 26 हजार. 22 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी चौदा महिन्यांचे व्याज 2 लाख 18 हजार. आणि जाणारा माणूस रागाने नळ, वायरिंग, दारे उचकटून गेला, तर दुरुस्ती दोन लाख. बेरीज 30 लाख 64 हजारांच्या आसपास. तोच फ्लॅट सरळ बाजारातून घेतला असता तर मुद्रांक आणि फीसकट 31 लाख 77 हजार पडले असते आणि किल्ली दस्तावेजाच्या दिवशी हातात आली असती. राहिली किती बचत? एक लाख तेरा हजार. चौदा महिन्यांची झोप, मामलतदार कचेरीतले हेलपाटे आणि घर सोडावे लागलेल्या एका बाईचे शिव्याशाप, या सगळ्याचे महिन्याला आठ हजार रुपये. यापेक्षा लिंबायतमधला रात्रपाळीचा वॉचमन जास्त कमावतो.

यावर “आमच्या ओळखीच्याला दोन महिन्यांत ताबा मिळाला” असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. मिळाला असेल. रिकामे, बँकेने आधीच कुलूप घातलेले घर लिलावात येतेही. पण अशा घराची बोली बाजारभावाच्या जवळ जाऊन थांबते, कारण दलाल दुधखुळे नाहीत. जितकी सूट मोठी तितके आत काहीतरी शिल्लक असते.

हे झाले नव्या वस्त्यांचे. आता हुशार मंडळींची नजर कोटाच्या आतल्या सुरतेवर गेली आहे: गोपीपुरा, नानपुरा, हरिपुरा, बेगमपुरा, महिधरपुरा, सलाबतपुरा. हिरे बाजार दोन गल्ल्या पलीकडे, मेट्रोचे खोदकाम चालू, आणि लाकडी खांबांचे जुने घर लिलावात! “पाडून चार मजले बांधायचे.” हे बोलणाऱ्याने सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड कधी हातात घेतले आहे का? त्यावर अजून आजोबांच्या वडिलांचे नाव असते. त्यांच्या मागे पाच मुलगे, दोन मुली, त्यांची नातवंडे. एक अमेरिकेत, एक मुंबईत, एक तिथेच माडीवर. पाचातल्या एकाने धंद्यासाठी घर गहाण टाकले आणि उरलेल्या चौघांना जाहिरात वाचून कळले. अशा भाऊबंदांना दिवाणी न्यायालयाचे दार बंद आहे असा पुष्कळांचा समज होता, कारण सरफेसी कायद्याच्या कलम 34 ने दिवाणी दाव्यांना मज्जाव केला आहे. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा सेंट्रल बँकेच्याच एका प्रकरणात, सांगितले की वाटणी न होता झालेली विक्री आणि तिच्यावरचे गहाण वैध होते का, हा प्रश्न दिवाणी न्यायालयच ठरवील. कर्जवसुली न्यायाधिकरणाला तो अधिकार नाही. न्याय म्हणून हे रास्त आहे. पण तुम्ही बोली लावून बसला असाल तर याचा अर्थ असा, की तुमच्या चार मजल्यांचा नकाशा वाटणीच्या दाव्याच्या निकालापर्यंत सुरळी करून ठेवायचा.

भाडेकरू वेगळाच. जुन्या गावात पाघडीचा भाडेकरू तीन पिढ्यांचा असतो, भाडे किती ते सांगितले तर हसू येईल. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये बँक ऑफ इंडियाच्या एका प्रकरणात ठणकावले की सरफेसी कायद्याच्या नावाखाली भाडे कायद्याने संरक्षण दिलेल्या भाडेकरूला हुसकता येत नाही. पुढे 2019 मध्ये त्याला काही मर्यादा घातल्या, पण खरा जुना भाडेकरू जागचा हलला नाही. म्हणजे तुम्ही घर घेतलेत, घरात राहतो दुसराच, आणि कायदा त्याच्या बाजूला. शिवाय शहराच्या काही भागांत 1991 चा अशांत धारा लागू आहे; तिथली जागा हस्तांतरित करायला कलेक्टरची पूर्वपरवानगी लागते. बोली लावण्याआधी हे कोणी विचारले? आणि तापी? ऑगस्ट 2006 मध्ये उकाईचे पाणी सोडल्यावर बहुतेक शहर बुडाले होते. त्या पाण्याने भिंती कुठवर भिजल्या, हे जुन्या लाकडी घरांच्या तळमजल्यावर आत शिरल्याशिवाय दिसत नाही. आणि आत तर शिरता येत नाही.

आता शेवटचा दावा, आणि मला सर्वांत जास्त चीड याच दाव्याची येते: “जाणारा लबाड आहे, हप्ते बुडवतो, त्याची दया कसली?”

कोण असतो हा लबाड? सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडायच्या घंटीवर बसणारा रत्नकलाकार, पॉवरलूमच्या खात्यात सांचे चालवणारा, साड्यांचे पार्सल वाहणारा टेम्पोवाला. मजुरी नगावर, पगाराची स्लिप नाही, म्हणून मोठी बँक दारात उभे करत नाही. मग गृहकर्ज देणाऱ्या छोट्या कंपनीकडून चढ्या व्याजाने कर्ज. 2008 च्या मंदीत हिऱ्याचे कारखाने बंद पडले, 2016 ला नोटबंदी, 2017 ला जीएसटीविरुद्ध कापड बाजार बंद, 2020 ला टाळेबंदी, मग युक्रेनचे युद्ध, मग प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी भाव पाडले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क बसवले. वॉशिंग्टनमध्ये सही होते आणि कतारगाममध्ये घंटी थांबते. तीन हप्ते चुकले की खाते थकीत. यात लबाडी कोणाची, हे मला कोणी समजावून सांगावे.

लबाडीची व्याख्याच हवी असेल तर सुरतेत मोठी उदाहरणे आहेत. मगदल्ल्याच्या एबीजी शिपयार्डवर फेब्रुवारी 2022 मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. आरोप 28 बँकांना 22,842 कोटींना फसवल्याचा. तिथे कोणी दारावर कागद चिकटवून साठ दिवस मोजले नाहीत. हजिऱ्याच्या एस्सार स्टीलचे कर्ज थकले तेव्हा कायदा वेगळा होता, दिवाळखोरीचा. ऑगस्ट 2017 मध्ये प्रकरण दाखल झाले आणि डिसेंबर 2019 मध्ये कारखाना नव्या मालकाकडे गेला. त्या काळात कारखान्याची भट्टी विझली नाही, संरक्षण होते, मुदती वाढवून मिळत होत्या. आणि जून 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने तर जाणूनबुजून कर्ज बुडवणाऱ्यांशीही बँकांनी तडजोड करायला हरकत नाही असे परिपत्रक काढले. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्यावर ओरड केली. थोडक्यात, मोठ्याला तडजोड आणि छोट्याला लिलाव. या रांगेत सर्वांत मागे उभ्या असलेल्या माणसाला लबाड म्हणायला फार हिंमत लागत नाही.

आणि मेहुण्याला हेही ठाऊक नसते की घर गेले म्हणजे कर्ज गेले असे होत नाही. लिलावात किंमत कमी आली तर उरलेली रक्कम बँक कर्जदाराकडून आणि जामीनदाराकडून वसूल करू शकते. जामीनदार कोण असतो? त्याच खात्यातला सोबती, नाहीतर अमळनेर-नंदुरबारकडचा सख्खा भाऊ, ज्याने सहीसाठी एक दिवस ताप्ती लाइनची पॅसेंजर पकडली होती. तुम्ही आठ लाख ‘वाचवले’ म्हणता तेव्हा ते आठ लाख हवेतून येत नाहीत. ते त्या घरातून गेलेल्या माणसाच्या नावावर उधार म्हणून उभे राहतात. धंद्यात भावनेला जागा नसेल, पण हिशेबाला असते ना? हिशेबात खर्चाची एक बाजू लपवणाऱ्या मुनिमाला सुरतेचा कोणताही शेठ दुसऱ्या दिवशी हाकलतो.

“मग काय करायचे, बँकांनी पैसे सोडून द्यायचे?” कोण म्हणतो? वाट कायद्यातच आहे, फक्त तिच्यावर व्हिडिओ निघत नाहीत. नोटीस आल्यापासून लिलावाची जाहिरात निघेपर्यंत कर्जदाराला घर विकून कर्ज फेडता येते. कलम 13(13) प्रमाणे त्यासाठी बँकेची लेखी संमती लागते. तिघांनी एका टेबलावर बसायचे: मालक, खरेदीदार, बँक. भाव लिलावापेक्षा जास्त, बाजारापेक्षा थोडा कमी. बँक काही व्याज सोडते, एकरकमी तडजोड होते, खरेदीदाराचा चेक थेट बँकेत जातो, गहाण सुटते, मूळ कागद बाहेर येतात, मालक स्वतः दस्तावेजावर सही करतो आणि किल्ली देतो. अमेरिकेत 2008 च्या पडझडीनंतर अशा विक्रीची लाटच आली होती. तिथल्या आपल्या लोकांपैकी अनेकांना हा प्रकार चांगला माहीत आहे. इथे का होत नाही? कारण शाखेतल्या अधिकाऱ्याला व्याज सोडल्याचा खुलासा द्यावा लागतो, लिलावात पडत्या भावाने विकल्याचा द्यावा लागत नाही. तडजोडीत सही त्याची असते, लिलावात पोर्टलची. कर्जदारालाही उशिरा जाग येते, हे खरे. शेवटच्या आठवड्यापर्यंत तो गावाकडची जमीन विकून हप्ते भरीन म्हणत बसतो. पण सूट द्यायचीच आहे तर ती जाहिरात निघण्याआधी, मालक आत असताना द्यायला काय हरकत आहे?

म्हणून व्हिडिओतल्या कोटवाल्यांना, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बँकांना, माझे सरळ सांगणे आहे. आधी प्रत्यक्ष ताबा घ्या, मग बोली मागा. भाडेकरू कोण, वारस किती, वेरा किती, मेंटेनन्स किती, बीयूसी आहे की नाही, हे जाहिरातीत आकड्यांनी छापा. “माहीत नाही” हे उत्तर दहा हजारांच्या मोबाइलच्या कर्जालाही तुम्ही कर्जदाराकडून चालवून घेत नाही. खरेदीदाराकडून पंधरा दिवसांत पैसे घेता, तर ठरलेल्या दिवसांत किल्ली द्या, नाहीतर त्याला व्याज द्या. हे करायची तयारी नसेल तर डिंडोलीचा तो फ्लॅट 22 लाखांचा आहे असे म्हणू नका. तो 22 लाखांची बोली, अधिक मामलतदार कचेरी, अधिक अहमदाबादच्या तारखा, अधिक कोणाच्या तरी भावाच्या जामिनाची वसुली, एवढ्या किमतीचा आहे, आणि त्यातला फक्त पहिला आकडा तुम्ही लोकांना सांगता.